गोड्या पाण्याची बोटमोटर खाडीत चालवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तलावात किंवा धरणात चाललेली आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायची) मोटर ठाण्याच्या खाडीत लावली तर चालेल का?

चालेल. यामाहा, सुझुकी, टोहात्सू, मर्क्युरी या कंपन्यांच्या बहुतेक पेट्रोल मोटरी मुळात समुद्राचा विचार करूनच बनवलेल्या असतात. गोड्या पाण्याची मोटर आणि खाऱ्या पाण्याची मोटर म्हणून लोक ज्यांना वेगळं समजतात, ती बऱ्याचदा एकच मोटर असते. फरक तिच्या अ‍ॅनोडमध्ये (मोटरऐवजी स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्यात) आणि वापरानंतरच्या देखभालीत असतो. तलावात पाच वर्षं हात न लावता चाललेली मोटर त्याच सवयीने खाडीकाठच्या दिवाळे गावाला किंवा गायमुखला चालवली, तर एखाद-दोन मोसमांतच ती खाऱ्याने खाल्लेली दिसते.

अपवाद दोन. पहिला, गोड्या पाण्यासाठीच विकल्या जाणाऱ्या बॅटरीवरच्या छोट्या ट्रोलिंग मोटरी. मिन कोटाची एन्ड्युरा गोड्या पाण्यासाठी आहे आणि त्याच कंपनीची रिपटाइड खाऱ्यासाठी. पहिली खाडीत उतरवू नका. तिला धुऊनपुसून खाऱ्या पाण्याची करता येत नाही, कारण फरक सील, शाफ्ट आणि आतल्या सर्किटच्या संरक्षणाचा आहे. दुसरा अपवाद लांब दांड्याच्या, हवेने थंड होणाऱ्या स्वस्त इंजिनांचा. त्यांचा शाफ्ट अनेकदा साध्या लोखंडाचा असतो आणि बेअरिंगला धड सील नसतं.

खारं पाणी मोटरचं नेमकं काय करतं?

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मोटरचं स्वतःचं रेडिएटर नसतं. ती बाहेरचंच पाणी खेचते, सिलिंडरभोवती फिरवते आणि परत सोडते. म्हणजे हे खारं पाणी थेट अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधून जातं.

अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, तोच त्याचं रक्षण करतो. मिठातलं क्लोराइड हा पापुद्रा जागोजागी फोडतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. त्यातच स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले की खारं पाणी त्यांच्यामधून वीज वाहू देतं. दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

मोटर घरी आणून ठेवली की ही झीज थांबते असा समज आहे. तो चुकीचा आहे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं, तेच मोटरच्या आतल्या मिठाचं होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःहून पाणी ओढून घेतं. समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओलावा धरतात. ठाणे-नवी मुंबईची हवा बघता, न धुतलेली मोटर कपाटात उभी असतानाही दिवसरात्र झिजत राहते. म्हणून खाडीत किती तास चालवली, यापेक्षा धुवायच्या आधी किती दिवस पडून राहिली हा हिशेब महत्त्वाचा.

आपल्या खाडीचा आणखी एक त्रास म्हणजे काळा गाळ. ओहोटीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा गाळ पितळ आणि तांब्याच्या भागांना काळं करतो. जिथे तो चिकटून बसतो तिथे हवा पोचत नाही, आणि हवेशिवाय स्टेनलेस स्टीलही फटीफटीतून खड्डे पडून झिजतं. खाडीतून आल्यावर आधी गाळ धुवायचा, मग मीठ.

अ‍ॅनोड कोणता लावायचा? मेकॅनिक ‘झिंक’ म्हणतो, मोटरबरोबर तर वेगळाच तुकडा आला होता.

अ‍ॅनोड म्हणजे मोटरऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा. एक बहुधा पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर, आडव्या पट्टीखाली शेपटीसारखा असतो. एक बोटीला पकडणाऱ्या ब्रॅकेटच्या तळाशी असतो, आणि मोठ्या मोटरींमध्ये ब्लॉकच्या आतही छोटे अ‍ॅनोड असतात. आतल्यांची आठवण कुणालाच राहत नाही.

तीन धातू वापरतात. मॅग्नेशियम फक्त गोड्या पाण्यासाठी. खाऱ्यात ते काही आठवड्यांत विरघळतं, आणि त्याचा जोर इतका जास्त असतो की लेगचा (मोटरच्या पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाचा) रंगही फुगवून सोलतो. जस्त (झिंक) समुद्रासाठी चांगलं, पण गोड्या पाण्यात त्याच्यावर कडक पांढरी साय धरते आणि ते काम करायचं थांबतं. अशी साय धरलेलं जस्त नंतर खाऱ्यात नेलं तरी आपोआप जागं होईलच असं नाही. अ‍ॅल्युमिनियमचा अ‍ॅनोड खास मिश्रधातूचा असतो, त्यात जस्त आणि थोडं इंडियम असतं. तो खाऱ्या आणि मचूळ, दोन्ही पाण्यांत चालतो.

ठाण्याच्या खाडीसाठी आमचं मत स्पष्ट आहे : अ‍ॅल्युमिनियमचाच लावा. एप्रिल-मेमध्ये वाशी पुलाखाली पाणी चांगलंच खारं असतं. तेच जुलै-ऑगस्टमध्ये उल्हास नदीला पूर आला की कोलशेत, गायमुखच्या बाजूला जवळजवळ गोडं होतं. एकाच वर्षात दोन्ही टोकं. जस्त यात अर्धं वर्ष झोपतं.

तुमच्या मोटरला कोणता धातू आहे हे कळत नसेल तर आधी तुकड्यावर कोरलेली अक्षरं बघा. नसतील तर तो काढून हातात घ्या. जस्त अ‍ॅल्युमिनियमच्या अडीचपट जड असतं, मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षाही हलकं. तरीही शंका असेल तर चाकूने थोडं खरवडून चकचकीत जागेवर स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचे दोन थेंब टाका. लगेच सोड्यासारखं फसफसलं तर मॅग्नेशियम. खाडीत उतरवण्याआधी ते काढा.

बसवताना तीन गोष्टी पाळा. अ‍ॅनोड जिथे टेकतो ती जागा रंग खरवडून चकचकीत करा. बोल्ट घट्ट केल्यावर मल्टिमीटरने अ‍ॅनोड आणि लेगचा उघडा धातू यांच्यातला रोध बघा, तो १ ओहमच्या आत हवा. आणि अ‍ॅनोडला रंग लावू नका. नीटनेटकं दिसावं म्हणून सगळ्या लेगबरोबर अ‍ॅनोडही रंगवून टाकलेला सर्रास आढळतो. असा अ‍ॅनोड नुसता शोभेचा.

अर्धा झिजला की बदला. वर्षभरात तो अजिबात झिजलेला नसेल तर खूश होऊ नका. मीटर लावून बघा, बहुधा तो जोडलेलाच नसतो आणि त्याच्या वाटची झीज लेग सोसत असतो.

फ्लशिंग (मोटर आतून गोड्या पाण्याने धुणं) नेमकं कसं करायचं?

प्रत्येक फेरीनंतर, शक्यतो त्याच दिवशी. उद्या पुन्हा जायचं असलं तरीही.

१. पंखा काढा, निदान न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करा. रबरी नळी आणि हेडफोनसारखी दिसणारी फ्लशिंगची रबरं लेगच्या पाणी खेचायच्या जाळ्यांवर बसवा.

२. आधी पाणी सोडा, मग इंजिन चालू करा. उलटं केलं तर इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र) कोरडा फिरतो आणि काही सेकंदांत त्याची पाती जळतात.

३. आयडलवरच (सगळ्यात कमी वेगावर) १० ते १५ मिनिटं चालवा. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) गरम होऊन उघडला पाहिजे. तो उघडत नाही तोवर ब्लॉकच्या वरच्या भागातलं खारं पाणी तिथेच राहतं. तीन मिनिटांत मोटरमधून बाहेर पडणारी पाण्याची धार स्वच्छ दिसली म्हणून इंजिन बंद करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक.

४. रेस देऊ नका. नळीचं पाणी इंजिनाच्या मागणीला पुरत नाही.

५. आधी इंजिन बंद करा, मग नळ.

६. मोटर उभी ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या. लगेच वर उचलली तर आतलं पाणी खोबणींमध्ये अडकतं.

काही नव्या मोटरींना नळी थेट जोडायचं तोंड असतं. त्यातून धुताना इंजिन बहुतेक मॉडेलमध्ये बंद ठेवायचं असतं, त्यासाठी पुस्तिका वाचा. अशा वेळी थर्मोस्टॅट उघडत नाही. म्हणून महिन्यातून एकदा तरी इंजिन चालू ठेवून फ्लश करा.

हे सगळं मोकळ्या हवेत. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जेट्टीवर नळच नाही. पिंपात चालवली तर?

निळं २०० लिटरचं पिंप वरून कापून घेतलं तर उत्तम. पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीपेक्षा चार बोटं वर हवं, नाहीतर पंप हवा खेचतो. छोट्या २ ते ५ हॉर्सपॉवरच्या मोटरीला ६० लिटरचा खोल टबही पुरतो.

फक्त पाणी एकदा बदला. समजा मोटरच्या आत दोन लिटर समुद्राचं पाणी उरलंय, म्हणजे ७० ग्रॅम क्षार. ६० लिटरच्या टबात ते मिसळलं की पाणी लिटरला एक ग्रॅमहून जरा जास्त खारं होतं आणि तेच मोटरमध्ये फिरत राहतं. टब रिकामा करून ताजं पाणी भरलं आणि पुन्हा पाच मिनिटं चालवलं, की हेच प्रमाण लिटरला ०.०४ ग्रॅमपर्यंत खाली येतं. एका बदलात सुमारे तीस पटीचा फरक.

बोअरचं पाणी चालेल?

खाडीकाठच्या बोअरची खात्री नाही. दिसायला स्वच्छ असतं पण मचूळ निघतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, लावून बघा. ५०० च्या खाली असेल तर वापरा. मोरबे धरणाचं नवी मुंबईतलं नळाचं पाणी किंवा ठाण्याला येणारं भातसाचं पाणी या कामाला चांगलं. मीटर नसेल तर स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी उन्हात वाळवा. पांढरा जाड थर उरला तर ते पाणी नको.

पाण्याची धार बारीक झाली आहे. इम्पेलर गेला का?

आधी धारेच्या भोकात नायलॉनची जाड दोरी घालून बघा. ते भोक गाळाने किंवा सुकलेल्या मिठाने बुजतं, आणि पन्नास रुपयांच्या कामासाठी लोक सगळा लेग उघडतात. तार घालू नका, भोकाचा प्लास्टिकचा कोपरा तुटतो.

भोक मोकळं असूनही धार बारीक आणि गरम असेल तर इंजिन लगेच बंद करा.

तलावात इम्पेलर दोन-तीन वर्षं सहज टिकतो. खाडीत दरवर्षी बदला. इथल्या पाण्यात इतका बारीक गाळ तरंगतो की तो पॉलिश पेपरसारखा रबरही घासतो आणि पंपाची स्टीलची वाटी व खालची पट्टीही. बोटाच्या नखाला लागेल एवढी खाच पट्टीवर पडली असेल तर फक्त रबर बदलून उपयोग नाही. पूर्ण संच घ्या. नवा इम्पेलर बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, ग्रीस नको. शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत वाटी खाली बसवा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. इम्पेलरला शाफ्टशी जखडणारी छोटी चावी शाफ्टच्या खाचेत बसली का हे बघायला विसरू नका. जुन्या इम्पेलरचं एखादं पातं तुटलेलं दिसलं तर ते वर पाण्याच्या नळीत अडकलेलं असतं, ते शोधून काढल्याशिवाय लेग बंद करू नका.

लेग खाली उतरलाच आहे तर ड्राइव्ह शाफ्टच्या वरच्या दातांना पाण्यात न विरघळणारं मरीन ग्रीस लावा. दोन-तीन वर्षं लेग न उतरवलेल्या मोटरीत हे दात इंजिनाच्या शाफ्टमध्ये असे जाम बसतात की लेग निघतच नाही.

थर्मोस्टॅटही याच वेळी काढा. गाडीचा थर्मोस्टॅट ८० अंशांच्या पुढे उघडतो, बोटमोटरीचा साधारण ५० ते ६० अंशांना. कारण पाणी जास्त तापलं की क्षारांचा थर आत धरतो. पातेल्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवा, शेजारी थर्मामीटर धरा. उघडला नाही, किंवा थंड पाण्यातही उघडाच राहिला, तर बदला. गाडीचा थर्मोस्टॅट जुळतो म्हणून बसवू नका.

गिअर ऑइल दुधासारखं निघालं.

पाणी शिरलंय. आपल्या खाडीत याचं नेहमीचं कारण प्लास्टिक. जाळ्याचा नायलॉनचा धागा किंवा पिशवीची पट्टी पंख्यामागे शाफ्टला गुंडाळते आणि सील कापते. दर दोन-चार फेऱ्यांनी पंखा काढून मागे बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

ऑइल बदलताना खालचा आणि वरचा, दोन्ही स्क्रू काढा. नवं ऑइल खालून भरा, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. वॉशर दरवेळी नवे, कारण अनेकदा पाणी जुन्या वॉशरमधूनच शिरलेलं असतं. छोट्या मोटरीत १०० ते २५० मिली लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. साधं गाडीचं नको, मरीन गिअर ऑइल घ्या. ते थोडं पाणी शिरलं तरी दातांवरचा थर सोडत नाही. दर १०० तासांनी बदला.

जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या. खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). आणि अभयारण्य नसतं तरी त्याच पाण्यात कोळी बांधवांची जाळी आहेत.

बोल्ट जाम होऊ नयेत म्हणून काय लावावं?

अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेसचा बोल्ट बसवताना लॅनोलिनचं ग्रीस किंवा टेफ-जेलसारखं खास पेस्ट लावा. तांब्याची पूड असलेलं अँटी-सीझ लावू नका. ते गाडीच्या सायलेन्सरसाठी ठीक, खाऱ्या पाण्यात ते अ‍ॅल्युमिनियम जास्तच खातं. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘एसएस’ मागितलं तर ३०४ नंबरचं स्टेनलेस किंवा त्याहून हलकं मिळतं, त्यावर थोड्याच दिवसांत चहासारखे डाग येतात. ३१६ मागा.

रंगाला फोड आले, आत पांढरी भुकटी आहे.

भुकटी म्हणजे झिजलेलं अ‍ॅल्युमिनियम. फोडाच्या कडेपासून बोटभर बाहेरपर्यंत रंग काढा. नायलॉनचा किंवा स्टेनलेसचा ब्रश वापरा. साध्या लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण धातूत रुततात आणि तिथूनच पुन्हा सुरुवात होते. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, ४०० नंबरचा पेपर मारा आणि त्याच दिवशी अ‍ॅल्युमिनियमवर धरणारा एच (etch) प्रायमर द्या. त्यावर रंग.

बोटीच्या तळाला शिंपले धरू नयेत म्हणून जो तांबट रंग लावतात, तो मोटरीच्या लेगला कधीच लावू नका. त्यात तांबं असतं. हौसेने दिलेला एक हात महिन्याभरात लेगला चाळणी करू शकतो.

वायरिंग आणि बॅटरीचं काय?

दोन धातूंमुळे होणारी झीज महिन्यांत दिसते. बॅटरीतून गळणारी वीज तेच काम काही दिवसांत करते. बिल्ज पंपाची (बोटीच्या तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची) सोललेली वायर तळाच्या पाण्यात पडलेली असणं हे नेहमीचं कारण. बोट उभी करताना बॅटरीचा मेन स्विच बंद ठेवा. जोडण्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. झाकणाखाली मेणाचा थर सोडणारा मरीन स्प्रे मारा. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण त्याचा थर खाऱ्या हवेत टिकत नाही. झाकणाखाली प्रेशर पंपाने पाणी मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

बोट खाडीतच उभी असते. मोटर खाली ठेवावी की वर?

वर. उधाणाला भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीला तीच बोट चिखलावर बसते. खाली ठेवलेला लेग गाळात रुततो, जाळ्या बुजतात, पंख्यावर शिंपले धरतात. फ्लश करून पाणी निथळल्यावर लेग पूर्ण पाण्याबाहेर येईल एवढी उचला.

पावसाळी बंदीत मोटर कशी ठेवावी?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि हीच आर्द्रतेची सगळ्यात वाईट वेळ. शेवटचा फ्लश दोनदा करा. कार्बोरेटरची मोटर असेल तर पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं आणि दोन महिन्यांत कार्बोरेटरमध्ये हिरवा-पांढरा चोथा करतं. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (आतल्या भागांवर थर धरणारं तेल) मारा, इंजिन सुरू करायची दोरी चार-पाच वेळा हळू ओढा, प्लग परत लावा. गिअर ऑइल आत्ताच बदला, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नाही. आत पाणी असेल तर दोन महिने ते बेअरिंगवर बसून राहील. मोटर उभी ठेवा आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका. आत घाम धरतो.

अ‍ॅसिडने आतलं मीठ निघेल का?

निघेल, ब्लॉकसकट. फरशीचं किंवा संडासाचं अ‍ॅसिड अ‍ॅल्युमिनियम खातं. आत थर धरल्याची शंका असेल तर साधं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून टबात २० मिनिटं चालवा, मग ताज्या पाण्याने पूर्ण फ्लश.

मोटर खाडीत बुडाली तर?

बाहेर काढल्यावर चालू करून बघण्याचा मोह आवरा. झाकण काढून सगळं गोड्या पाण्याने धुवा. प्लग काढा, मोटर आडवी करून सिलिंडरमधलं पाणी काढा, दोरी हळू ओढा. दोरी अडली किंवा आत रेती खरखरली तर थांबा. मोटर चालू असताना बुडाली असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. सगळं सुरळीत फिरलं तर पेट्रोल आणि इंजिन ऑइल बदला, सिलिंडरमध्ये ऑइल मारा आणि दोन-तीन तासांच्या आत चालू करून अर्धा तास चालवा. मेकॅनिक लगेच मिळणार नसेल तर मोटर उन्हात वाळवत ठेवू नका. अख्खी गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. हवा आणि मीठ एकत्र मिळाले की बेअरिंग काही तासांत गंजतं, गोड्या पाण्याखाली ते बराच वेळ वाचतं.

जुनी मोटर विकत घेताना विक्रेता म्हणतो ‘फक्त धरणात चाललेली आहे’. कसं तपासायचं?

वरचा रंग बघू नका, तो नवा असू शकतो. थर्मोस्टॅटचं झाकण उघडायला सांगा. आतल्या भिंतीवर पांढरे खडे किंवा टोचल्यासारखे खड्डे असतील तर मोटर खाऱ्यात चालली आहे. झाकणाचे बोल्ट निघताना तुटत असतील तर उत्तर तिथेच मिळालं. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू सैल करून पहिले दोन थेंब बोटावर घ्या. तेलाच्या आधी पाणी आलं तर सील गेलंय. शेवटी अ‍ॅनोड बघा. जुन्या मोटरीवर कोरा करकरीत अ‍ॅनोड असेल तर जुना कुठे आहे ते विचारा, आणि त्या अ‍ॅनोडच्या मागची जागा बॅटरीच्या उजेडात पाहा.